गाव सांगायची हजेरी

शाळेच्या शंभराव्या वाढदिवसाला शाळेच्याच मुलांना सुट्टी! महानंदाबाईंनी मुख्याध्यापकांच्या टेबलावरची सूचना एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, वाढदिवस कुणाचा आहे?" त्यांनी कानडीत विचारलं. शाळेतला सगळा कारभार कानडीतच चालायचा. मराठी त्यांची घरची, निपाणीची.

मुख्याध्यापक गुरुदत्त हा भला माणूस, पण निवृत्तीला टेकलेला आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. "शाळेचा," ते म्हणाले.

"आणि शाळा म्हणजे कोण? ह्या भिंती?"

"मॅडम, मैदानात मांडव पडणार, खुर्च्या मांडणार, उरलेल्या जागेत पाहुण्यांच्या गाड्या लागणार. आता मुलं मी कुठं बसवू, माझ्या डोक्यावर?"

"बसवा की! तुमच्या डोक्यावर त्या माजी विद्यार्थी संघाला बसवलंच आहे, त्यांच्या शेजारी मुलं!"

गुरुदत्त सरांनी हात जोडले. खर्च सगळा संघ करतोय, रंग त्यांनी दिला, छपराची कौलं त्यांनी बदलली, शौचालयाचे नळ त्यांनी बसवले, आता नाही कुठल्या तोंडानं म्हणू, असं ते पुटपुटले. महानंदाबाई तरातरा बाहेर पडल्या. नळ बसवले म्हणून शाळा विकत घेतली की काय ह्यांनी? आणि सुट्टी म्हणजे नुसती सुट्टी नव्हती. शाळा बंद म्हणजे दुपारचं गरम जेवणही बंद. ज्यांच्या घरी सकाळी चूल पेटत नाही, त्या पोरांनी शाळेचा वाढदिवस उपाशीपोटी साजरा करायचा. वा रे वाढदिवस!

बेंगळुरूत, शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत ही सरकारी हायस्कूलची इमारत उभी आहे. कॅन्टोन्मेंटच्या काळात तिथं घोड्यांचा तबेला होता. तबेल्यात शाळा भरली, आणि एके काळी तिचं नाव असं गाजलं की डॉक्टर-वकिलांची पोरं तिथं जागा मिळावी म्हणून ओळखी लावायची. ती पोरं शिकली, मोठी झाली, कुणी परदेशी गेली. आपल्या पोरांना मात्र त्यांनी कॉन्व्हेंटात घातलं. त्याला कोण काय म्हणणार, ज्याची त्याची मर्जी. पण "आमच्यानंतर शाळा बुडाली हो," असं जिथं तिथं सांगत फिरायचं, हे कुठलं प्रेम? बुडाली कुठं? भरली आहे की वर्गावर्गातून! सिंदगी, यादगीर, लिंगसूरकडून इमारती बांधायला आलेल्यांची मुलं आहेत, गॅरेजवाल्यांची आहेत, शिंप्यांची आहेत, रस्त्याकडेला इडलीची गाडी लावणाऱ्यांची आहेत. ती तुम्हाला दिसत नाहीत, हा तुमच्या डोळ्यांचा दोष आहे, शाळेचा नाही.

ह्या शाळेत एक रीत होती, दुसरीकडे कुठं नसलेली. पहिल्या वर्षी पहिल्या वर्गात म्हणे मुनिस्वामी नावाची तीन पोरं होती. हजेरीला तिघंही एकदम "हजर" म्हणून ओरडायची. तेव्हाचे हेडमास्तर वैतागले आणि म्हणाले, हजर आहात ते दिसतंय मला, कुठून आलात ते सांगा. तेव्हापासून शाळेच्या वाढदिवसाला सगळी शाळा मैदानात उभी करून हजेरी घ्यायची, आणि नाव पुकारलं की "हजर" म्हणायचं नाही, आपलं गाव सांगायचं. गावच नसेल तर गल्ली सांगायची. आठवीतली नवी पोरं पहिल्यांदा लाजायची. आता दहावीत असलेला चंदन आठवीत असताना कामगारवस्तीच्या टॅनरी रोडवर राहून झगमगत्या बाजाराच्या "कमर्शियल स्ट्रीट"चं नाव सांगून बसला होता, तेव्हा सगळं मैदान हसलं होतं. बिचारा लालबुंद झाला. पुढच्या वर्षी त्यानं "टॅनरी रोड" असं खणखणीत सांगितलं, की मागच्या ओळीतली पोरं दचकली.

महानंदाबाई इतिहास शिकवायच्या, पण पुस्तकातला इतिहास मुलांच्या डोक्यावरून जायचा. ही एक हजेरी मात्र आत उतरायची. आपलं गाव मोठ्यानं सांगितलं की पोरं वेगळीच दिसायला लागतात, असं त्या घरी नवऱ्याला सांगायच्या.

सूचना लागली त्याच दुपारी माजी विद्यार्थी संघाचे कार्यवाह शरच्चंद्र शाळेत आले. सत्तरीचे, पांढराशुभ्र शर्ट, एचएसआर लेआउट ह्या वसाहतीत मुलाच्या घरी राहणारे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलं, घरात मराठी, पण कानडी मुरलेली. महानंदाबाईंशी ते हौसेनं मराठीत बोलायचे.

"अक्का, तुम्ही रागावलात म्हणे. स्वल्प ऐका की माझं. सगळं शाळेच्या भल्यासाठीच करतोय."

"भलं करताय तर मुलांना घरी का पाठवताय?"

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे! अमेरिकेहून माणसं यायलीत, वयस्क माणसं. गोंधळ सोसत नाही त्यांना." मग ते पुढं झुकले. "आणि तुम्हाला एक आनंदाची गोष्ट सांगतो. आमच्या वेळी एक हजेरी व्हायची, गाव सांगायची. ती जुनी परंपरा आम्ही परत चालू करतोय, स्टेजवरून. आणि हजेरी घ्यायची तुम्ही. तुमचा आवाज चांगला, इतिहासाच्या बाई, शिवाय आपल्यातल्या."

महानंदाबाई बघतच राहिल्या. "परत चालू? बंद कधी पडली होती?"

"म्हणजे?"

"दरवर्षी होते ती. गेल्या जानेवारीत झाली, त्याच्या आधीच्या जानेवारीत झाली. मीच घेते."

शरच्चंद्रांना खरोखरच ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं शाळेच्या आठवणींनी त्यांचे डोळे पाणावत होते, पण वाढदिवसाला कधी डोकावून बघावं असं काही त्यांना वाटलं नव्हतं. ते हसले. "अय्यो! अजून चालते? पण ह्या पोरांना कसलं गाव, अक्का? आज ह्या साइटवर, उद्या त्या साइटवर. पत्र्याच्या शेडला काय गाव म्हणायचं?"

ते वाईट मनानं बोलले नव्हते, आणि हेच महानंदाबाईंना जास्त झोंबलं. वाईट मनाचा माणूस असता तर दोन शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. हा हसतमुख माणूस चहाचा कप हातात धरून शंभर पोरांचं गाव पुसून टाकत होता, आणि वर "आपल्यातल्या" म्हणत होता. कसली आपल्यातली? मराठी बोलते म्हणून मी तुमची, आणि रोज माझ्यासमोर बसतात ती पोरं परकी?

"एका अटीवर घेते," त्या म्हणाल्या. "तुमची हजेरी झाली की माझ्या मुलांची घेणार. मुलं आत पाहिजेत. मागं उभी राहतील, खुर्च्या नकोत."

"सरी, सरी. मी बघतो ना." शरच्चंद्र लगेच कबूल झाले.

आणि महानंदाबाईंनी विश्वास ठेवला. पुढं कित्येकदा त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला असेल, पण तेव्हा ठेवला खरा. वर्गात जाऊन त्यांनी सांगून टाकलं, सुट्टी असली तरी युनिफॉर्म घालून या, हजेरी होणार आहे.

दहावीच्या मुलांची ही शेवटची हजेरी. यल्लव्वाचा आनंद तर गगनात मावेना. ही मुलगी सिंदगीकडची. आईबाप आधी शिवाजीनगरजवळच्या इमारतीवर कामाला होते, आता शहराबाहेर, देवनहळ्ळीकडे नव्या लेआउटच्या बांधकामावर गेले. तिकडच्या शाळेत नाव घालू म्हणाले तर तिनं रडून घर डोक्यावर घेतलं, आणि पहाटेची बस पकडून ती रोज इतक्या लांबून येऊ लागली. वर्गात बसल्या बसल्या डुलक्या घ्यायची, पण गैरहजर नाही. आता ती आठवीतल्या नव्या पोरींना मधल्या सुट्टीत उभं करून शिकवत होती.

"तोंडातल्या तोंडात काय बोलतेस गं? उपाशी आहे का तुझं गाव?" ती ओरडायची. "मिस नाव घेतील. तू मान वर करायची आणि सांगायचं. माझं बघ. सिंदगी!"

आणि पोरी खिदळत आपापली गावं ओरडायच्या.

महानंदाबाईंना आणखी एक झटका वाढदिवसाच्या आदल्या दिवशी बसला. स्मरणिका छापून आली. शाळेचा इतिहास त्यांच्याकडून लिहून घेतला होता. तबेल्यापासून आजच्या मुलांपर्यंत त्यांनी मन लावून लिहिला होता. छापताना त्यातली शेवटची चाळीसेक वर्षं गायब! त्यांच्या जागी एकच ओळ होती, "यानंतर शाळेस उतरती कळा लागली." आणि खाली लेखिका म्हणून त्यांचं नाव. आपल्या नावावर आपल्याच पोरांचा अपमान छापून आलेला बघून त्यांचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तरी त्या गप्प बसल्या. उद्या हजेरी तर होऊ दे, तिथं बघते, असं त्यांनी मनाला समजावलं.

वाढदिवसाच्या सकाळी त्या रिक्षातून उतरल्या आणि बघतात तर काय, गेटला आतून कडी! बाहेर फुलांची कमान, कमानीखाली कार्यक्रम करणाऱ्या कंपनीचे दोन दणकट रखवालदार, आणि समोरच्या फुटपाथवर त्यांची पोरं. धुतलेले युनिफॉर्म, तेल लावून घट्ट घातलेल्या वेण्या. चंदननं तर बुटांना पॉलिश केलं होतं. गाड्या येत, कडी निघे, गाडी आत जाई, कडी पुन्हा लागे. पोरं प्रत्येक वेळी पुढं सरसावत आणि रखवालदार हातानं मागं सारत.

"मिस, पास पाहिजे म्हणतात," यल्लव्वा म्हणाली. "शाळेत जायला पास लागतो का मिस?"

"थांबा जरा. मी आत जाऊन सांगते," असं म्हणून महानंदाबाई घाईघाईनं आत गेल्या.

मांडवात सनई वाजत होती. गुरुदत्त सर नव्या कोटात घामाघूम झाले होते. त्यांनी दुरूनच "मला काही विचारू नका" अशी मान हलवली आणि काखा वर केल्या. शरच्चंद्र पाहुण्यांच्या गळ्यात हार घालत होते.

"मुलं बाहेर उभी आहेत. तुम्ही कबूल केलं होतं!"

"अक्का, खुर्च्या पुरेनात हो. मी तरी काय करू? कंपनीवाले म्हणतात सुरक्षेचा प्रश्न आहे. दुपारी, सगळं आटपलं की आत घेऊ. उरलेलं जेवण आहेच, पोटभर खातील पोरं."

उरलेलं! महानंदाबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. पण तेवढ्यात माईकवर त्यांचंच नाव पुकारलं गेलं, आणि शरच्चंद्रांनी त्यांच्या हातात नावांचा कागद देऊन हलकेच जिन्याकडे ढकललं.

स्टेजवरून सगळं दिसत होतं. समोर पांढरी डोकी, रेशमी साड्या, वर धरलेले मोबाइल. त्यांच्यामागं गाड्यांची रांग. त्याच्यामागं गेटच्या गजांना चिकटलेली निळी-पांढरी पोरं.

त्यांनी हजेरी सुरू केली. एकेक म्हातारा उठून उभा राहिला. "न्यू जर्सी!" "सिंगापूर!" "सदाशिवनगर!" कुणाचा आवाज कापरा झाला, कुणी शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारली. टाळ्या पडल्या. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, हे महानंदाबाईंनाही दिसत होतं. पण ते प्रेम करत होते ते स्वतःच्या पोरपणावर. शाळा तर त्यांच्या पाठीमागं गजांना धरून उभी होती, आणि एकाचीही मान वळत नव्हती.

शेवटचं नाव झालं. शरच्चंद्र आभार मानायला उठले. महानंदाबाईंनी कागदाची घडी घातली, माईक घट्ट धरला आणि दहावीची हजेरी पाठ होती तशी सुरू केली.

"चंदन!"

गेटच्या पलीकडून, गाड्यांवरून, मांडवावरून आवाज आला, "टॅनरी रोड!"

सगळ्या माना गर्रकन वळल्या. महानंदाबाई थांबल्या नाहीत. नावामागून नाव. "यादगीर!" "लिंगसूर!" "धर्मपुरी!" "नेपाळ!" पोरं जीव खाऊन ओरडत होती. आता ह्यांना लाज वाटेल, महानंदाबाईंना वाटलं. आता कुणीतरी उठेल आणि म्हणेल, अरे, गेट उघडा.

छे! टाळ्या पडल्या. कडकडाट झाला. लोक खुर्च्यांवरून उठले, मोबाइल गेटकडे वळले. "किती गोड!" पुढच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या. शरच्चंद्रांनी दुसरा माईक हातात घेतला आणि सांगून टाकलं, "आपल्यासाठी हा खास सरप्राइज कार्यक्रम! महानंदा मॅडमना जोरदार टाळ्या!"

त्यांना तो कार्यक्रम वाटला. गजांआडची पोरं म्हणजे त्यांना देखावा वाटला! इतका संताप महानंदाबाईंना आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं, कारण समोरचा प्रत्येक चेहरा कौतुकानं भरलेला होता. एकच नाव राहिलं होतं.

"यल्लव्वा!"

उत्तर आलं नाही. टाळ्यांमुळं ऐकू गेलं नसेल म्हणून त्यांनी पुन्हा पुकारलं. "यल्लव्वा!"

गजांना धरून ती उभी होती, सगळ्यांच्या पुढं. तिनं मान वर केली. जी पोरगी महिनाभर सगळ्यांना गाव ओरडायला शिकवत होती, ती ओरडली नाही. स्वच्छ, मोठ्या आवाजात म्हणाली,

"गेटच्या बाहेर, मिस."

टाळ्या थांबल्या. एकदम नाही, एकेक करून थांबल्या, कारण कानडी समजणाऱ्यांना आधी कळलं आणि विसरलेल्यांना शेजाऱ्यानं सांगावं लागलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी मोबाइल खाली घेतला. सिंगापूरवाले गृहस्थ आपल्या बुटांकडं बघू लागले.

महानंदाबाई माईकवर म्हणाल्या, "माझी मुलं सकाळपासून उन्हात उभी आहेत. शाळेला उतरती कळा लागली ती आमच्यामुळं नाही, एवढं लक्षात ठेवा." आणि त्या स्टेजवरून उतरल्या.

मग मात्र एकच पळापळ झाली. शरच्चंद्र स्वतः धावत गेले, रखवालदारावर खेकसले, कडी ओढून गेट सताड उघडलं. त्यांचा चेहरा पडला होता. "या रे मुलांनो, या! आधी जेवण करा. बिर्याणी आहे, जिलेबी आहे. मग सगळ्यांबरोबर फोटो. या, या!"

आठवीतली पोरं बिर्याणीच्या वासानं आत धावली. धावू देत, सकाळपासून पोटात काही नव्हतं त्यांच्या, कुणी नावं ठेवू नयेत. दहावीची मुलं जागची हलली नाहीत. ती यल्लव्वाकडं बघत होती.

"ये बाळ," शरच्चंद्र कानडीत म्हणाले, अगदी अजिजीनं. "चुकलं आमचं. ये."

"नको सर," यल्लव्वा म्हणाली. उर्मटपणा नव्हता त्यात, वर्गात बोलायची तशीच ती बोलली. "आज आम्हाला सुट्टी आहे."

तिनं दप्तर खांद्याला लावलं आणि बसस्टँडच्या दिशेनं चालू लागली. तिच्यामागून चंदन निघाला, मग त्याच्यामागून बाकीचे. एकानंही मागं वळून बघितलं नाही.

शरच्चंद्र गेटात उभे होते. मांडवातून कुणीतरी फोटोसाठी हाका मारत होतं. त्यांनी महानंदाबाईंकडं वळून बघितलं, डोळे भरले होते त्यांचे.

"अक्का, तुम्ही तरी सांगा की त्यांना. तुमचं ऐकतील ती."

"ऐकतील," महानंदाबाई म्हणाल्या. "म्हणून तर सांगत नाही."

आणि त्या गेटातून बाहेर पडल्या.